ओझें बांधणाराचें कर्तव्य

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद मार्गावर नळदुर्ग अथवा उमरगा येथें घटकाभर उभें राहिल्यास एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. स्वतः धांवण्यासाठीं निर्माण झालेलीं वाहनें दुसऱ्या वाहनांच्या पाठीवर बसून प्रवास करीत असतात. नव्या मोटारी दुमजली ट्रेलरवर दाटीनें उभ्या असतात. खोदकामाचीं यंत्रें, मळणीयंत्रें व ट्रॅक्टर लांब ट्रेलरवरून गांवोगांव जातात. मुलें तो देखावा कौतुकानें पाहतात. परंतु वर चढविलेलें तें वाहन कशाच्या आधारानें उभें आहे, हा प्रश्न शंभरांतील एकास तरी सुचतो काय? प्रस्तुत लेखकास तो फार उशिरां सुचला, आणि त्या उशिराची किंमत त्यास नव्हे, दुसऱ्यासच द्यावी लागली. म्हणूनच हे चार शब्द लिहिण्याचें धाडस केलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या चुलतभावानें सोलापुरास एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला. तो भाड्याच्या ट्रेलरवर चढवून आम्ही दिवेलागणीस निघालों. ट्रॅक्टरच्या मागल्या अंगास एकच दोरखंड बांधला होता, व तो ट्रेलरच्या लोखंडी कडेवरून ओढून घेतला होता. कड धारदार होती. मीं ती पाहिली. त्याच आठवड्यांत नववीच्या वर्गास मीं घर्षणाचा पाठ शिकविला होता, तरीही, "चालकाचा हा रोजचा धंदा आहे, त्यास आपण काय सांगावें?" असा विचार करून मी गप्प राहिलों. तुळजापूरचा घाट चढत असतां एका खड्ड्यांत ट्रेलर आदळला, दोर कडेवर कापला गेला आणि ट्रॅक्टर मागें घसरून खालीं आला. मागून दुचाकीवर येणारा एक शेतकरी बाजूस वळला म्हणून प्राणानें वांचला. परंतु त्याचें पाऊल चाकाखालीं सांपडलें. त्या वर्षीं त्याची पेरणी दुसऱ्यांनीं केली. तो आजही लंगडत चालतो. चालकास दोष देणें सोपें आहे. पण ज्यास कळत होतें व जो बोलला नाहीं, त्याचा दोष काय कमी?

विद्यार्थिमित्रहो, यांत गूढ असें कांहीं नाहीं. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेला गतीचा पहिला नियम तुम्हीं पाठ केलेलाच आहे. ट्रेलर थांबला तरी त्यावरील वाहन थांबूं इच्छीत नाहीं. तें पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें. ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर वेगानें जाणारी गाडी ३ सेकंदांत थांबविली, तर वरील वाहनास रोखून धरण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें निम्मा जोर लागतो. ट्रॅक्टर २० क्विंटलांचा असेल तर हा जोर १० क्विंटलांचा झाला. ब्रेक याहून जोरानें दाबला तर तो आणखी वाढतो. म्हणूनच जाणत्या लोकांनीं असा दंडक घातला आहे कीं, पुढच्या दिशेस बांधणीनें ओझ्याच्या वजनाच्या दहांतील आठ हिस्से आणि मागच्या व बाजूंच्या दिशांस निम्मा भार सोसला पाहिजे. चाकांचें घर्षण साह्य करतें खरें. पण खड्ड्यांत चाक क्षणभर उचललें गेलें कीं त्या क्षणापुरतें घर्षणही नाहींसें होतें. अपघातास तेवढा क्षण पुरेसा आहे.

मग बांधावें कसें? प्रथम वाहन गिअरमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा व चाकांस पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. नंतर चारही कोपऱ्यांस चार स्वतंत्र बंध घालावेत, म्हणजे एक तुटला तरी उरलेले तीन कामीं येतात. बंध वाहनाच्या आंसास किंवा भक्कम सांगाड्यास अडकवावेत; बंपरास अथवा सुकाणूच्या दांड्यास कधींही नव्हे. मागचे दोन बंध एकमेकांस छेदून तिरपे नेले असतां वाहन बाजूस सरकत नाहीं. मोटारीचें अंग स्प्रिंगांवर वरखालीं होत असल्यामुळें अंगास बांधलेला पट्टा वाटेंत सैल पडतो. म्हणून तिच्या चाकांवरूनच पट्टे घेणें बरें. दोरास गांठ मारली कीं त्याचें बळ घटतें, आणि धारदार कडेवरून तो नेला कीं त्याचा काळच जवळ येतो. तेथें गोणपाटाची जाड घडी तरी घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, चार-पांच किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून सर्व बंध हातानें पुन्हां चांचपावेत. पहिल्या धक्क्यांनीं ओझें आपल्या जागीं बसतें व घट्ट वाटलेला पट्टा ढिला होतो.

ओझें कोठें ठेवावें हें तर आमच्या वाडवडिलांस शाळेंत न जातांही ठाऊक होतें. मागें भार फार झाला कीं बैलगाडी उलार होते, व पुढें फार झाला कीं बैलांच्या मानेवर येतो, हें खेड्यांतील पोरगाही जाणतो. दोन चाकी ट्रेलरास हाच न्याय लागतो. एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा जोडाच्या ठिकाणीं पडावा, असा नियम आहे. भार मागें गेल्यास ट्रेलर सापासारखा वळवळूं लागतो आणि ओढणाऱ्या गाडीसही खड्ड्यांत नेतो.

भाराचा असा विचार आमच्या जिल्ह्यास नवा नाहीं. १८९७ सालीं सुरू झालेली व पुढें येडशी, ढोकी या गांवांवरून १९११ सालीं लातुरास पोंचलेली बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें उभारली. तिचे रूळ अवघे अडीच फूट अंतराचे होते; पण प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, या एका नियमावर त्यानें सर्व डबे व इंजिनें बेतलीं. विलायतेंतील त्याच्या दुसऱ्या एका लहान रेल्वेवर १९०४ सालीं मोठ्या रुळांचे डबे लहान गाड्यांच्या पाठीवर चढवून नेण्याची सोय झाली. पुढें याच गृहस्थानें विमानांतून उडी घेणारांसाठीं हवाईछत्री सिद्ध केली. ओझें जपणाऱ्या मनुष्यास माणसाचा जीव जपण्याची बुद्धि व्हावी, यांत नवल कसलें? अलीकडचें उदाहरण कोंकण रेल्वेचें. तिनें २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास प्रारंभ केला. तेथें ट्रकची उंची व वजन पाहिल्यावांचून तो वर घेत नाहींत. म्हणजे रुळांवर चालकाखेरीज दुसरा एक डोळा ओझ्याकडे पाहत असतो. आमच्या रस्त्यावर तो दुसरा डोळा कोणाचा?

कोणी म्हणेल, कायदा आहे कीं! मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अधिक वजन नेल्यास २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. गाडीबाहेर ओझें डोकावल्यासही तितकाच २०,००० रुपये दंड आहे. परंतु प्रत्येक पट्ट्याचा ताण चांचपून पाहणारा शिपाई प्रत्येक फाट्यावर कसा उभा राहणार? दुसरा कोणी म्हणेल, चालक गरीब आहे, त्यास खेपेमागें पैसे मिळतात, थांबण्यास सवड कोठली? हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचें उत्तर चालकानें नव्हे, भाडें ठरविणारानें दिलें पाहिजे. पट्ट्यांचा व अर्ध्या तासाचा मोबदला भाड्यांतच धरावा. ट्रॅक्टरसाठीं लाखों रुपये मोजणाऱ्या माझ्या भावास व मला तेवढे पैसे जड नव्हते. आम्हांस केवळ घाई होती. "आजवर कांहीं झालें नाहीं" हें वाक्य आम्ही पुराव्यासारखें पुढें करतों. आदल्या दिवशीं त्या दोराविषयींही तें खरेंच होतें!

म्हणून पालकांस माझी नम्र विनंति आहे. आपला ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा मोटार दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढवाल, तेव्हां भाडें ठरवून बाजूस होऊं नका. प्रत्येक बंधास स्वतः हात लावून पहा. शाळांनींही घर्षण व जडत्व हीं प्रकरणें फळ्यावरच न संपवितां, पटांगणांत लहान गाड्यावर पेटी बांधून मुलांकडून शिकून घ्यावींत. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सैल दोर किंवा धारदार कड दिसली, तर "काका, एवढें पाहतां का?" असें आदरानें पण स्पष्ट विचारा. फार तर कोणी हंसेल. मीं त्या संध्याकाळीं तेवढें विचारलें असतें, तर एक मनुष्य आज आपल्या शेतांत दोन्ही पायांनीं नीट उभा राहिला असता.