तार पण हवी आणि वाट पण मोकळी हवी

आज फवारणीचं नाही, नेटचं लिहितोय. पण विषय शेतीचाच आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर, बाजारभावही मोबाईलवरच. म्हणजे नेट आता चैन राहिली नाही, खत-बियाण्यासारखी गरज झालीय.

पहिला मुद्दा तारेचा. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरवलं. त्याचंच पुढं भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठी १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. पण पंचायतीपर्यंत तार म्हणजे नुसता मुख्य कालवा. वस्तीपर्यंत चारी काढल्याशिवाय टेलच्या माणसाला पाणी मिळत नाही, तसंच हे.

दुसरा मुद्दा मोकळ्या वाटेचा. २०१५ साली फेसबुकनं फ्री बेसिक्स आणलं होतं. ठरावीक साइट फुकट, बाकी नेटला पैसे. झुकेरबर्गनं त्याच्या समर्थनार्थ लेख लिहिला, त्यात उदाहरण दिलं ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचंच! पण ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम केला, की साइट किंवा अ‍ॅप बघून डेटाचा वेगवेगळा दर लावायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख दंड.

फुकट मिळत होतं तर बिघडलं काय, असं काही जण म्हणतात. समजा एकाच औषध कंपनीचं अ‍ॅप फुकट आणि कृषी विद्यापीठाच्या साइटला पैसे. बोंडअळीवर सल्ला कुणाचा बघितला जाईल? त्याच कंपनीचा. बाजारभावाचंही तेच. एकाच व्यापाऱ्याचा भाव दिसला तर तोच खरा वाटणार.

पाटाच्या पाण्याला पीकवार पट्टी असते, ऊस पाणी जास्त पितो म्हणून. डेटा तर आपण जीबीवर मोजूनच घेतो. मग त्यात काय बघतो, हे विचारायचं कारणच काय?

कंपन्यांनी खर्च केलाय, त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते वापरावर घ्यावेत, वाट अडवून नको.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. पंचायतीतलं फायबर चालू आहे का? आणि वस्तीवर कनेक्शन कधी देणार? उत्तर तोंडी घेऊ नका, प्रोसिडिंगला लिहून घ्या.