भागीदारी हेच भांडवल

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव 2023 सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे देशाला ठाऊक झाले. त्या मागणीचा निर्णय राज्यघटनेच्या चौकटीत व्हावयाचा तो होईल. परंतु तेथे जमलेल्या तरुणांच्या अस्वस्थतेचे एक मूळ दोन-चार एकरांच्या वाटण्यांत आणि शेतमालाच्या बेभरवशाच्या भावात आहे, हे नजरेआड करून चालणार नाही. नोकऱ्यांत जागा मिळाल्या, तरी गावातील पुष्कळांना शेतीच्याच आधाराने उभे राहावे लागेल. तुकड्यांच्या शेतीत माणसाचे कर्तृत्व फुलावे कसे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी 1923 साली लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी काढली. पुढे धनंजयराव गाडगीळ यांची त्यांना साथ मिळाली आणि 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकाजवळ शेतकऱ्यांचा विश्वास होता, दुसऱ्याजवळ शास्त्र आणि हिशेबाची शिस्त. गाडगीळांवाचून विखे पाटलांची धडपड कदाचित पतपेढीपुरती राहिली असती. विखे पाटलांवाचून गाडगीळांचा विचार ग्रंथांत राहिला असता. भागीदारी म्हणजे केवळ बेरीज नव्हे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणे होय.

जालना जिल्ह्यातील कडवंचीचा अनुभवही हेच सांगतो. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे लागते. वरच्या शेतकऱ्याने बांध घालू दिला नाही, तर खालच्याची विहीर भरत नाही. 1996 नंतर कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली गावाने हे काम एकदिलाने केले. तेथे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि 2012 च्या दुष्काळातही त्या तगल्या. शेत ज्याचे त्याचे राहिले. पाणी मात्र सर्वांनी मिळून अडविले.

सहकाराचे नाव काढताच अनेक वाचक उपहासाने हसतील, आणि ते अकारण नाही. कित्येक संस्था मोजक्या घराण्यांच्या जहागिरी झाल्या. सभासद वार्षिक सभेत हात वर करण्यापुरता उरला. परंतु हा भागीदारीचा पराभव नव्हे, तिच्या अभावाचा परिणाम आहे. जेथे हिशेब उघडा नाही आणि तोट्याचा वाटा सर्वांवर सारखा पडत नाही, तेथे भागीदार नसतात, केवळ आश्रित असतात.

आज मार्ग खुला आहे. कायद्यानुसार दहा उत्पादक एकत्र येऊन स्वतःची कंपनी स्थापू शकतात. भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु त्या नावाचा भाव मिळवायचा, तर प्रतवारी केलेला गाडीभर माल हवा. तो एकट्याच्या लहान बागेतून निघत नाही. दहांच्या बागांतून निघू शकतो. शिवाय दहांमध्ये एखादा हिशेबात तरबेज असतो, एखादा बोलण्यात, एखादा कलमांच्या निगराणीत. एकेकटे असताना हे गुण वाया जातात.

मागण्यासाठी एकत्र येण्याची ताकद या गावाने दाखविली आहे. पिकविण्यासाठी आणि विकण्यासाठी तीच एकजूट टिकविणे अधिक कठीण आहे, कारण तेथे घोषणा नसतात, रोजचा हिशेब असतो. त्या हिशेबाच्या वहीतूनच उद्याचा मराठवाडा घडेल.