नऊ महिने घर कुणी सांभाळलं?

पोलीस प्रशिक्षण केंद्रात दीक्षांत संचलन झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कडक इस्त्रीचा गणवेश, एका रेषेत पडलेली पावलं, पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस घेणारा प्रशिक्षणार्थी. आपल्या सोलापूरकरांना हे नवं नाही, पुणे रस्त्यावर केगावला असं केंद्र आहेच. फोटोत न येणारी माणसं मात्र मैदानाच्या कडेला बसलेली असतात. कडेवर लेकरू घेतलेली बायको, डोळे पुसणारी सासू, आणि हल्ली गणवेशातल्या बायकोची वाट बघणारा नवरासुद्धा. मैत्रिणींनो, आज मला या कडेच्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

शिपायाचं मूलभूत प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचं. फौजदार म्हणून निवड झाली की नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी गाठावी लागते. पहाटे अंधारात उठायचं, पीटी, परेड, शस्त्रांचा सराव आणि मग कायद्याचे वर्ग. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ‘चारशे वीस’ हा शब्द आपल्या तोंडात बसलेला, पण फसवणुकीचं कलम आता ३१८ आणि खुनाच्या शिक्षेचं ३०२ नव्हे, १०३. म्हणजे अंग मोडेपर्यंत पळायचं आणि डोळे मिटत असताना पाठांतर करायचं. हे सोपं नाहीच.

पण त्या माणसाला वेळापत्रक असतं. शिकवायला उस्ताद असतो, शेवटी शपथ आणि टाळ्या असतात. घरी राहिलेल्या जोडीदाराला यातलं काय असतं?

पूर्व भागातली माझ्या ओळखीची एक विडी कामगार आहे. नवरा भरतीची तयारी करत होता, पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव करायचा. तीन वर्षं घर हिच्या विड्यांवर चाललं. निवड झाली, गल्लीत पेढे वाटले, आणि तो ट्रंक घेऊन गेला. ती मला म्हणाली, “ताई, त्यांची परीक्षा संपली आणि माझी सुरू झाली बघा.” नळाला पाणी यायच्या दिवशी सगळी पिंपं एकटीनं भरायची. सासूबाईंना शुगर, पोराला शाळेत सोडायचं, उरलेल्या वेळात हजार विड्यांचा हिशोब पुरा करायचा. बँकेचं खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. फोन आला की बोलायला पाच-दहा मिनिटं, त्यात आधी सासूबाई बोलणार. पोराला ताप भरला तेव्हा हिनं सांगितलंच नाही. म्हणाली, “तिकडं त्यांचं ध्यान लागणार नाही.”

तिच्या या वागण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र ते पटलं नाही. आधार देणं म्हणजे सगळं गिळून गप्प बसणं नव्हे. ज्याला उद्या लोकांच्या अडचणी ऐकायच्या आहेत, त्याला स्वतःच्या पोराचा ताप ऐकण्याइतकं बळ असायला हवं. सांगायचं, पण असं सांगायचं: “ताप आलाय, दवाखान्यात नेलंय, आता बरा आहे, तुम्ही तिकडचं बघा.” दोन वाक्यांत त्याला माहितीही मिळते आणि धीरही.

आता नाण्याची दुसरी बाजू. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणानं सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा राखीव झाल्या. त्यामुळे आज आपल्या मुली, सुना १५५ सेंटिमीटर उंची आणि ८०० मीटरची धाव पार करून पोलिसात जातात. घरची सून प्रशिक्षणाला निघाली की भाषा कशी बदलते बघा. “आम्ही परवानगी दिली हो!” नवरा निघाला तेव्हा बायकोनं परवानगी दिल्याचं कुणी ऐकलंय? त्याच्या मागे ती घर सांभाळते ते तिचं कर्तव्य. तिच्या मागे तो दोन महिने पोराची वेणी घालतो तर त्याचा मोठेपणा! आणि शेजारणी विचारायला तयारच, “एवढंसं लेकरू टाकून जायला काळीज कसं झालं हिचं?” हे विचारणाऱ्या बहुतेक आपणच असतो.

एन. अंबिका यांची हकिगत यासाठी सांगावीशी वाटते. तमिळनाडूतल्या या मुलीचं चौदाव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी ती दोन मुलींची आई होती. नवरा पोलीस शिपाई. त्याला वरिष्ठ अधिकाऱ्यांना सलाम करताना पाहून तिनं ठरवलं, आपणही असं अधिकारी व्हायचं. सुटलेलं शिक्षण पुरं करून ती चेन्नईला अभ्यासाला गेली आणि मुली नवऱ्यानं सांभाळल्या, नोकरी करून. तीनदा अपयश आलं, चौथ्या वेळी ती आयपीएस झाली. केडर मिळालं आपलं महाराष्ट्राचं, पुढे मुंबईत त्या पोलीस उपायुक्त झाल्या. एका शिपायाला जे जमलं ते आपल्या घरातल्या पुरुषांना का जमू नये?

म्हणून प्रशिक्षणाला कुणीही निघो, ट्रंक भरायच्या आधी घरात बसून चार गोष्टी ठरवा. बँकेचं खाते दोघांच्या नावावर करा. रेशनकार्ड, विमा, शाळेचे कागद कुठं आहेत ते दोघांना माहीत हवं. केंद्राचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि मागे राहणाऱ्याच्या मदतीला कोण येणार, आई, नणंद की दीर, हे तोंडानं बोलून घ्या. “बघू काहीतरी” म्हटलं की ते ओझं एकाच डोक्यावर येतं.

एवढा खटाटोप कशाला, नऊ महिन्यांचाच तर प्रश्न, असं वाटेल. पण हे नऊ महिने पुढच्या आयुष्याची तालीम आहेत. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी लोटते, तेव्हा पोलिसाच्या घरची एकादशी त्याच्याविनाच होते. गणपती, दिवाळी, निवडणुका, सगळीकडे बंदोबस्त. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणण्याचा आदेश निघाला तो उगाच नाही. बाईला घरी गेल्यावर दुसरी पाळी असते हे खात्यालासुद्धा कळलं. घराला कधी कळणार?

तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल तर पेढ्याच्या दिवशीच नव्हे, मधल्या एखाद्या मंगळवारीही डोकवा. पाणी भरायला हात लावा, पोराला तासभर तुमच्याकडे खेळू द्या. आणि सून गेली असेल तर “लेकरू टाकून गेली” म्हणू नका, “नोकरीचं शिकायला गेलीय” म्हणा. लेकराच्या कानावर कोणतं वाक्य पडतं, यावर ते आईची वाट अभिमानानं बघणार की रडत, हे ठरतं.