ग्रंथाचा दीर्घ परिणाम

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकरांच्या हाती ठेवले आणि त्या वाचनाने जागृत झालेली जिज्ञासा, अनेक दशकांच्या व्यासंगाने परिपक्व होऊन, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतराच्या रूपाने प्रकट झाली, हा दाखला आमच्या वाचकांस अपरिचित नाही. परंतु ग्रंथाचे फळ तत्काळ दिसावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या सांप्रतच्या उतावीळ काळी त्या दीर्घ अवधीचेच आम्हांस विशेष महत्त्व वाटते. म्हणून प्रस्तुत अंकात ग्रंथस्तुतीचा मोह टाळून (ती नियतकालिकांत वाजवीपेक्षा अधिकच होते), वाचकाच्या जीवनदृष्टीत सावकाश घडलेल्या पालटाचा मागोवा घेणारा मजकूर आम्ही सादर करीत आहोत. आपल्या आयुष्यास वळण देणाऱ्या ग्रंथाची हकिकत आपणही आमच्या दप्तरी अवश्य रुजू करावी. मतभेद असल्यास तेही निःसंकोच कळवावेत.