शब्दाची जामीनकी

एखाद्याला जामीन राहताना सही करणाऱ्याच्या मनात बहुधा एकच भरवसा असतो : फेडण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. कागद आणि साक्षीदार असूनही ती वेळ आली की भल्याभल्यांचे पाय मागे सरतात. विख्यात इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांनी अठराव्या वर्षी एका मित्राला दिलेल्या शब्दाला ना कागद होता, ना मुदत. तरीही तो त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ पाळला.

१९१७ चा उन्हाळा. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात तरुण छात्रांना लष्करी अधिकारी होण्याचे शिक्षण दिले जात होते. आडनावांच्या वर्णानुक्रमाने खोल्या वाटल्या गेल्या आणि ‘एल’नंतर ‘एम’ या न्यायाने लुईस यांच्या खोलीत एडवर्ड मूर आला. घरचे त्याला पॅडी म्हणत. दोघांचाही जन्म १८९८ चा.

लुईस यांची आई ते नऊ वर्षांचे असतानाच वारली होती. वडील बेलफास्टला वकिली करीत. पॅडीची आई जेनी मूर पतीपासून वेगळी राहत होती. पदरी धाकटी मुलगी मॉरीन. या घरात लुईस यांना हरवलेली माया मिळाली. आघाडीवर जाण्यापूर्वी दोन्ही मित्रांनी एकमेकांना वचन दिले : एक मेला आणि दुसरा वाचला, तर वाचलेल्याने लुईस यांच्या वडिलांची आणि पॅडीच्या आईची काळजी घ्यायची. मॉरीनने ते बोलणे ऐकले होते. पुढे तिनेच ते सांगितले.

एकोणिसाव्या वाढदिवशी लुईस फ्रान्समधील खंदकांत पोहोचले. मार्च १९१८ मध्ये जर्मनांच्या मोठ्या चढाईत पॅडी बेपत्ता झाला. एप्रिलमध्ये तोफगोळ्याने लुईसही जखमी झाले, पण वाचले. पॅडीच्या मृत्यूची खात्री पटायला आणखी काही महिने लागले. त्याला मरणोत्तर मिलिटरी क्रॉस मिळाला. वय होते अवघे एकोणीस.

१९१९ च्या आरंभी लुईस शिक्षणासाठी ऑक्सफर्डला परतले, तेव्हा जेनीबाई आणि बारा वर्षांची मॉरीनही तेथे राहायला आल्या. उत्पन्न काय, तर वडिलांकडून येणारा खर्चाचा पैसा. त्यात तिघांचा संसार सुरू झाला. ही गोष्ट लुईस यांनी वडिलांपासून लपवली. पितापुत्रांत त्यामुळे कटुताही आली. वचनाची ही बाजू गौरवाची नव्हे, पण हिशेब सांगायचा तर पूर्ण सांगावा. या नात्याच्या स्वरूपाविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. जबाबदारी निभावली गेली, याविषयी मात्र दुमत नाही.

भाड्याची घरे बदलत दिवस निघाले. १९२५ मध्ये लुईस यांना मॉडलिन कॉलेजात अध्यापकाचे पद मिळाले. १९३० मध्ये ‘द किल्न्स’ हे घर घेतले गेले. लुईस आणि त्यांचे थोरले बंधू वॉर्नी यांनीही पैसे घातले. मालकी मात्र जेनीबाईंच्या नावे आणि दोघा भावांना हयातभर राहण्याचा हक्क, अशी व्यवस्था झाली.

उतारवयात जेनीबाई हट्टी झाल्या. लिहिता लिहिता लुईस यांना घरकामासाठी उठावे लागे. वॉर्नी यांना भावाच्या या बंधनाचा मनस्वी राग येई; तो त्यांच्या दैनंदिनीत उमटलेला आहे. लुईस उठत, काम करीत आणि पुन्हा लिहायला बसत. १९५० मध्ये जेनीबाईंना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तेथेही ते जवळजवळ रोज भेटीला जात. जानेवारी १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पॅडीचा सहवास लुईस यांना लाभला तो काही महिन्यांचा. त्याची आई मात्र तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या घरात राहिली. अकाली गेलेल्या मित्राची तसबीर लावणे, पुण्यतिथीला चार शब्द बोलणे हे आपण सारेच करतो. त्याच्या वृद्ध आईचे औषध कोण आणते, मुलीची फी कोण भरते, हे विचारायला मात्र फारसे कोणी जात नाही.

१९७३ मध्ये वॉर्नीही गेले आणि ठरल्याप्रमाणे ‘द किल्न्स’ मॉरीनकडे आले. पॅडीच्या बहिणीला तिचे घर मिळाले.