फुकटच्या गाडीचे भाडे



सुगी आटोपली की यात्राजत्रांचे दिवस येतात. पाळणे येतात, मौतका कुवा येतो, जादूचे खेळ लागतात. पूर्वी तालुक्याच्या गावी एखादी सर्कसही उतरायची आणि पोरे महिनाभर तिच्याच गप्पा मारायची. तेव्हा आज खतांचा आणि फवारणीचा विषय बाजूला ठेवू. मुलांना रात्री सांगण्याजोगी एक सर्कशीची गोष्ट देतो. ती थोडी भीतीची आहे, पण कामाची आहे.

इटलीतील कार्लो कोलोदी या लेखकाने १८८१ पासून ती मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः लिहिली. १८८३ साली तिचे पुस्तक झाले. तिचा नायक पिनोकिओ हा एका गरीब कारागिराने लाकडातून कोरलेला बाहुला. तो चालतो, बोलतो आणि शाळा चुकवतो.

एका मध्यरात्री गावाबाहेर एक गाडी येते. आवाज होऊ नये म्हणून तिच्या चाकांना पेंढा आणि चिंध्या गुंडाळलेल्या. ओढायला गाढवांच्या बारा जोड्या. गाडीवान लोण्यासारखे मऊ बोलणारा. जिथे शाळा नाही, मास्तर नाही, नुसता खेळ आहे, अशा गावाला तो मुलांना नेतो, आणि भाडे एक पैसाही घेत नाही! पोरे गाडीत खच्चून बसतात. एक गाढव रडते आहे हे पिनोकिओला दिसते, पण गाडी सोडवत नाही.

पाच महिने मजेत जातात. एके सकाळी तो डोक्याला हात लावतो, तर कान वीतभर लांब! हळूहळू तो पुरता गाढव होतो. गाडीवानाचा धंदाच तो. मुले फुकट न्यायची, त्यांची गाढवे झाली की बाजारात विकायची. पिनोकिओचा जिवलग मित्र एका शेतकऱ्याच्या दावणीला जातो आणि पिनोकिओ सर्कशीत. तिथे तो चाबकाच्या धाकाने नाचायला आणि कड्यातून उडी मारायला शिकतो. एका खेळात त्याचा पाय जायबंदी होतो. मग लंगडे गाढव कोण पोसणार? ढोलाला कातडे हवे म्हणून एक जण त्याला कवडीमोलाने विकत घेतो.

तो कसा सुटतो ते मुलांना पुस्तकातच वाचू द्या. पुढचा प्रसंग मात्र तुमच्या ओळखीचा वाटेल. आजारी बापासाठी पेलाभर दूध हवे आणि खिशात दमडी नाही. मळेवाला म्हणतो, रहाटाने शंभर बादल्या पाणी काढ, मग दूध नेऊ शकतोस. कामचुकार पोर घामाने निथळत रहाट ओढते. त्याच मळ्याच्या गोठ्यात एक गाढव कामाने झिजून शेवटच्या घटका मोजत असते. तो त्याचा जुना मित्र निघतो.

यावरून सर्कस म्हणजे वाईटच, असे मुलांना सांगू नका. आपल्या देशाची पहिली सर्कस मराठी माणसाने काढली. विष्णुपंत छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस १८८० साली मुंबईत उभी राहिली. पुण्याचे दामू धोत्रे लहान वयात मामांच्या सर्कशीत शिरले आणि पुढे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सर्कशीत वाघ-सिंहांचे नामांकित शिक्षक झाले. हेही खरे आहे.

पण तंबूची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गरीब घरची मुले पगाराचे आणि पोटभर जेवणाचे आमिष दाखवून सर्कशींत नेली गेली. अनेकांना घरी परतता आले नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचे आदेश दिले. २०१६ साली बालमजुरीचा कायदा दुरुस्त झाला, तेव्हा बालकलाकारांना सवलत मिळाली, पण सर्कस त्यातून मुद्दाम वगळली. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवरील बंदीही न्यायालयाने २००१ साली कायम ठेवली. म्हणजे कोलोदीची गाडी निव्वळ कल्पनेतली नव्हती.

अशी गाडी आजही येते, फक्त तिचे रूप बदलले आहे. कोणी शहरात हलके काम देतो म्हणतो, कोणी मोबाईलवर घरबसल्या कमाई दाखवतो. बोलणे तेच, लोण्यासारखे. मुलाने तिथे एकच प्रश्न विचारायला हवा: याचे भाडे कोण भरणार, आणि कधी?

हा प्रश्न अख्ख्या गावाने विचारला तर काय होते, ते पाहायचे असेल तर नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जा. कमी पावसाचे, दुष्काळाने पिचलेले हे गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव कामाला लागले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिके ठरवतात. बोअरचे पाणीही फुकटच्या गाडीसारखेच दिसते. त्याचे भाडे मात्र पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर भरते. ज्या गावाने हे आधीच ओळखले, त्याच्या विहिरींना पाणी राहिले.

काही माउल्या म्हणतील, मुलांना भीतीच्या गोष्टी कशाला? बाई, भीती घरात, तुमच्या मांडीवर, दिव्याच्या उजेडात भेटली तर ती शहाणपण देते. तीच बाहेर एकट्याला गाठली तर लुबाडते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. जेवणे उरकली की मोबाईल बाजूला ठेवून ही गोष्ट सांगा. गाडी आली की थांबा आणि विचारा, तू बसला असतास का? मुलगा हो म्हणाला तर रागावू नका. का, ते विचारा. रडणारे गाढव पाहूनही पिनोकिओ का उतरला नाही, यावर त्याला बोलू द्या. मुलीलाही शेजारी बसवा, कारण आमिष तिलाही दाखवले जाते. आणि १०९८ हा क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवा. संकटातल्या मुलांसाठी तो दिवसरात्र चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.

बियाणे घेताना आपण पिशवीवरची चिठ्ठी वाचतो, उगवण तपासतो. लेकराला बोलावणाऱ्या गाडीचीही तशीच पारख करायला त्याला शिकवू या.