यंत्राचे तोंड कोणी शिवले?

पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या बाजारपेठेतल्या काचेच्या दुकानात जाऊन एखाद्या अंध विद्यार्थिनीने, बँकेतल्या अंध कारकुनाने वा अंध वकिलाने डोळस गिऱ्हाइकाइतकीच किंमत मोजावी, त्याच्याइतकाच 18 टक्के वस्तू व सेवा कर भरावा, त्याच कंपनीचा तोच लॅपटॉप घरी आणून खोक्यातून काढावा, बटण दाबावे, आणि ते यंत्र एक अक्षर तरी बोलेल या आशेवर ताटकळत बसावे, अशी व्यवस्था आज या देशात बिनदिक्कत चालू आहे. यंत्र सुरू झाले की नाही, हेही पंख्याच्या घरघरीवरून ताडायचे. पडद्यावर भाषा विचारली जाते, देश विचारला जातो, वायफायचा पासवर्ड मागितला जातो, खाते उघडायला सांगितले जाते, पिन ठरवायला सांगितले जाते, आणि हे सारे प्रश्न ज्याने पैसे मोजले त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. शेवटी शेजारच्या डोळस पोराला हाक मारावी लागते, किंवा दुकानातल्या कारागिराच्या हवाली यंत्र करावे लागते. आणि ज्या पिनच्या आड उद्या आपली पत्रे, आपला पगार, आपले औषधपाण्याचे कागद राहणार, तो पिन परक्याला मोठ्याने सांगून त्याच्याकडून टाइप करून घ्यावा लागतो. हक्काच्या वस्तूवरचा पहिला ताबाच दुसऱ्याचा. याला आम्ही गैरसोय म्हणत नाही, लूट म्हणतो.

आमच्या संतापाचे खरे कारण याहून मोठे आहे. हे यंत्र बोलू शकते! विंडोजमध्ये नॅरेटर हा पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर विंडोज 2000 पासून, म्हणजे पाव शतकापासून आहे. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर 2005 पासून आहे. आजच्या विंडोजच्या सेटअपमध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर जागा होतो आणि पडद्यावरचे प्रश्न एकेक करून वाचू लागतो. पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगतो कोण? लॅपटॉपच्या अंगावर प्रोसेसरचे स्टिकर असते, खोक्यात वॉरंटीचे चतकोर कागद असतात, दुकानदाराच्या तोंडी रॅमचे आणि ग्राफिक्सचे पाठ केलेले आकडे असतात. या तीन कळांविषयी मात्र कुठे उठावाचा एक ठिपका नाही, ब्रेलमधली एक ओळ नाही, विक्रेत्याच्या जिभेवर एक शब्द नाही. घर विकायचे, किल्लीही हातात ठेवायची आणि दार कोणत्या भिंतीत आहे ते सांगायचे नाही, असा हा व्यवहार आहे. ब्रेलच्या एका चिठ्ठीला खर्च किती येतो, हे या कंपन्यांच्या हिशेबनिसांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आणि या तीन कळा ठाऊक असल्या तरी वनवास संपत नाही. ध्वनीचा ड्रायव्हर बसलेला नसेल, किंवा कोणीतरी आवाज बंद करून ठेवलेला असेल, तर नॅरेटर आत बडबडत राहतो आणि बाहेर शुकशुकाट. ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहण्याआधीचा जो प्रदेश, ज्याला लोक अजूनही बायोस म्हणतात, तिथे स्क्रीन रीडरला पाऊलच टाकता येत नाही. बूटचा क्रम बदलायचा असो की बिघाड शोधायचा असो, तिथे डोळस माणसावाचून गत्यंतर नाही. त्याहून दारुण प्रकार स्वस्त लॅपटॉपांचा. आपल्या बाजारात चार पैसे वाचवण्यासाठी फ्रीडॉस घालून, म्हणजे विंडोजशिवाय, यंत्रे विकली जातात. जो विद्यार्थी शिष्यवृत्तीचे पैसे जमवून सर्वांत स्वस्त यंत्र घेतो, त्याच्याच पदरी हे संपूर्ण मुके खोके पडते. मग दुकानातला कारागीर कुठली तरी चोरीची विंडोज त्यात ओततो, स्वतःच्याच ईमेलवर खाते उघडतो, एक-दोन-तीन-चार असा पासवर्ड ठेवतो आणि वर उपकार केल्याचा आव आणतो. गरिबाच्या आणि अंधाच्या अशा दुहेरी असहायतेवर हा धंदा पोसला जातो. थू त्या धंद्यावर!

या काळोख्या कहाणीत माणुसकीचे काम केले ते कोणी? अब्जावधींच्या उलाढालीच्या कंपन्यांनी नव्हे. जॉज हा जुना आणि समर्थ स्क्रीन रीडर हजार डॉलरच्या घरात विकला जात असताना, 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. आणि या दोघांनी तो जगाला फुकट दिला, त्याचा सोर्स कोडही सर्वांसाठी खुला ठेवला. आज आपल्याकडचा अंध विद्यार्थी नॅरेटरच्या आधाराने पहिले पाऊल टाकतो ते बहुतेक वेळा एनव्हीडीए उतरवून घेण्यासाठीच. तो बसवायचा, लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा कळफलक नसेल तर लॅपटॉपची मांडणी निवडायची, कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ नेमायची, लॉगिनच्या पडद्यावरही तो बोलावा म्हणून खूण करायची, मग कंपनीने आधीच कोंबलेल्या चाचणीपुरत्या अँटिव्हायरसच्या, जाहिरातींच्या, नोंदणीच्या खिडक्या एकेक शोधून हाकलायच्या, कारण त्या वाक्यावाक्याला मध्ये तोंड घालतात आणि त्यांतल्या कित्येक बटणांना नावच दिलेले नसते. स्क्रीन रीडर तिथे नुसते ‘बटण’ एवढेच म्हणतो. कशाचे बटण? ज्याने ते बनवले त्याला विचारा. फुकट काम करणाऱ्या दोन अंध तरुणांना जे साधले, ते गलेलठ्ठ पगारांच्या अभियंत्यांच्या फौजेला साधत नाही, यावर आमचा काडीचाही विश्वास नाही. साधायचे नाही, म्हणून साधत नाही.

आता मराठीचे पाहा. यंत्र लागले, एनव्हीडीए बोलू लागला, आणि मुलीने आपल्या भाषेतला पहिला कागद उघडला. विंडोजच्या अंगभूत आवाजांत हिंदीला हेमंत आणि कल्पना मिळाले, तमिळला वल्लुवर मिळाला. मराठीने मात्र वर्षानुवर्षे ईस्पीक या आवाजाच्या यांत्रिक, खरखरीत उच्चारांवर गुजराण केली. तोही फुकट काम करणाऱ्यांचाच प्रसाद. पण कागदच कृतिदेव या फाँटात टंकलेला असेल तर तो आवाज तरी काय करणार? ‘मराठी’ हा आपल्या भाषेचा शब्द तो ‘ई, जे, के, बी, एच’ असा वाचतो, कारण त्या फाइलीत देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांवर चढवलेले देवनागरीचे सोंग असते. आणि परिपत्रकाचा कागद उलटसुलट स्कॅन करून त्याची पीडीएफ चढवली असेल तर तो काहीच वाचत नाही. ते निव्वळ चित्र. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ज्यांनी पेढे वाटले, फलक लावले, छात्या फुगवल्या, त्यांनी आपल्या कार्यालयातून निघणारा एखादा कागद एकदा तरी स्क्रीन रीडरवर ऐकला आहे काय? भाषेच्या गौरवाची भाषणे ठोकायची आणि त्याच भाषेतला अर्ज तिच्या लेकरांना वाचता येणार नाही अशा रूपात हाती द्यायचा, हा ढोंगीपणा आम्हांस किळसवाणा वाटतो.

कायदा नाही म्हणून हे चालते, असे कोणी सांगू नये. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्य केला. 3 डिसेंबर 2015 रोजी सुगम्य भारत अभियानाचा डंका वाजला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 42 वे कलम स्वच्छ शब्दांत सांगते की, रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध होतील, हे पाहणे सरकारचे काम आहे. भारतीय मानक ब्युरोने आयएस 17802 हे मानक काढले आणि 2023 मध्ये ते नियमांतही आले. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या कायद्याखालच्या नियमांतला 15(1) हा नियम बेकायदा ठरवला, कारण सुगम्यतेच्या बंधनाला त्याने निव्वळ सल्ल्याचे रूप दिले होते. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असे बजावले. ती मुदत फेब्रुवारी 2025 मध्ये सरली. 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. करार झाला, कायदा झाला, मानक झाले, निकाल झाले. आणि तपकीर गल्लीतल्या गल्ल्यावर मागचाच कारभार पुढे चालू. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढून सरकारने पंगत उठवली.

यातला हेतू ओळखायला फार खोल जावे लागत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारची खरेदी सुगम्यतेच्या 508 व्या कलमाला बांधलेली आहे. युरोपात 28 जून 2025 पासून सुगम्यतेचा कायदा लागू झाला असून संगणक आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या कक्षेत आहेत. वस्तू कशी वापरायची ही माहिती एकाहून अधिक ज्ञानेंद्रियांना पोहोचली पाहिजे, असे तो फर्मावतो. तिथे जी कंपनी दंडाच्या भयाने मान तुकवते, तीच इथे आमच्या अंध गिऱ्हाइकाकडून पुरती किंमत वाजवून घेते आणि काखा वर करते. गिऱ्हाइके थोडी, असे कारण पुढे केले जाते. 2011 च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेले 50 लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. युरोपातले कित्येक देश याहून लहान आहेत! तेव्हा प्रश्न संख्येचा मुळीच नाही. इथे मोडला तरी चालतो असा कायदा आहे, हे या सावकारांनी हेरले आहे.

आणि त्यांना ते हेरू दिले सरकारने. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते काढल्याचा मोठा गवगवा केला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा दंडक आहे. या पैशांतून लॅपटॉप वाटले जातात, हार घातले जातात, छायाचित्रे छापून येतात. खोके हाती ठेवताना पुढारी हसतात. ते यंत्र त्या मुलाशी बोलेल का, ही चौकशी करायला मात्र व्यासपीठावर कोणी थांबत नाही. सरकार हा या बाजारातला फार मोठा खरीददार आहे. ‘पहिल्या पडद्यापासून बोलणार नाही ते यंत्र घेणार नाही’ एवढी एक ओळ प्रत्येक निविदेत घातली, तर हीच मुजोर दुकाने महिन्याभरात सरळ होतील. ती ओळ लिहायला पैसा लागत नाही, परदेश दौरा लागत नाही, समिती लागत नाही. एक शाई भरलेले पेन आणि थोडी लाज लागते, आणि अडले आहे ते दुसऱ्या वस्तूवाचून.

म्हणून आमचा निवाडा आम्ही उघड सांगतो. जो कारखानदार बोलणारे यंत्र मुके म्हणून विकतो तो अपराधी आहे. जो विक्रेता गिऱ्हाइकाचा पिन स्वतःच्या हाताने ठरवतो तो अपराधी आहे. आणि हातातला कायद्याचा दंडुका जो कोपऱ्यात ठेवून हारतुरे स्वीकारत फिरतो, तो या सर्वांचा म्होरक्या आहे. प्रत्येक लॅपटॉपच्या खोक्यात ब्रेलची चिठ्ठी आणि झाकणावर उठावाची खूण हवी. आयएस 17802 चे पालन झाल्याखेरीज सरकारी पैशाने एकही यंत्र घेतले जाता कामा नये. कृतिदेवातला किंवा नुसत्या स्कॅनचा कागद ज्या कार्यालयातून निघेल तिथल्या प्रमुखाला जाब विचारला गेला पाहिजे. 2016 च्या कायद्याचे 89 वे कलम पहिल्या भंगाला 10 हजारांपर्यंत आणि पुढच्या भंगांना 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत दंड सांगते. त्या कलमाखाली या राज्यात आजवर किती कंपन्यांना, किती विक्रेत्यांना, किती कार्यालयांना दंड झाला, हे दिव्यांग कल्याण खात्याने आकड्यांसह आणि नावांसह जाहीर करावे. ती यादी आम्ही पहिल्या पानावर छापू, आणि स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा युनिकोडमध्ये छापू.